दोनशे साठ सेकंद

स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण प्रकल्पातील सहभागासाठी भारत सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केल्याची बातमी २०२४ च्या सुरुवातीला सर्वत्र झळकली. तिच्यासोबत छापून आलेली चित्रे अनेकांच्या स्मरणात असतील: दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशात उभ्या राहणार असलेल्या १९७ तबकड्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीवर रोवल्या जात असलेल्या, नाताळच्या झाडासारख्या दिसणाऱ्या १,३१,०७२ अँटेना. चित्रे सुंदरच होती. मात्र तबकडी आणि महासंगणक यांच्या मधोमध बसणारी, थंड खोलीत अखंड घोंगावणारी एक चपटी पेटी कोणत्याच चित्रात नव्हती. ती म्हणजे नेटवर्क स्विच. आजचे हे टिपण त्या पेटीविषयी आहे. तिने अडवलेले निरीक्षण मी स्वतः पाहिले आहे, म्हणून ते जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम हे पाहू, की रेडिओ खगोलशास्त्राला स्विचची एवढी गरज का भासावी. अनेक तबकड्यांची मिळून एक दुर्बीण होते ती प्रत्येक जोडीच्या संकेतांचा परस्परांशी गुणाकार करून. नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटीत ३० तबकड्या आहेत, म्हणजे ४३५ जोड्या. दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅटमध्ये ६४ तबकड्या, म्हणजे २,०१६ जोड्या. स्क्वेअर किलोमीटर ॲरेच्या १९७ तबकड्यांच्या जोड्या १९,३०६ होतात. मीरकॅटच्या एल पट्ट्यात एकेका तबकडीवर सेकंदाला १७१.२ कोटी नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १० बिटांचा, आणि ध्रुवीकरणे दोन. गुणाकार केला तर एका तबकडीमागे सेकंदाला ३४ गिगाबिट आणि ६४ तबकड्यांचे मिळून सुमारे २.२ टेराबिट होतात.

नुसता आकार ही या प्रवाहाची खरी अडचण नव्हे. तोच प्रवाह एकाच वेळी अनेकांना हवा असतो. प्रतिमा तयार करणाऱ्यांना तो हवा, स्पंदकांची वेळ मोजणाऱ्यांना हवा, क्षणिक स्फोट शोधणाऱ्यांनाही हवा. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत पाठवायची म्हटले तर पाठवणाऱ्या उपकरणाची तारच अपुरी पडेल. म्हणून मीरकॅटच्या रचनाकारांनी हा सर्व विदा मल्टिकास्ट पद्धतीने ईथरनेटवर सोडला. पाठवणारा एकदाच पाठवतो. ज्याला हवे तो त्या गटाचे सदस्यत्व घेतो. आणि जिथे वाट फुटते तिथे स्विच प्रत काढतो. पृथ्वीबाहेरील बुद्धिमान सजीवांचा शोध घेणाऱ्या ब्रेकथ्रू लिसन प्रकल्पाचे संगणक मीरकॅटवर याच रीतीने प्रवाहात सामील होतात. त्यासाठी मूळ निरीक्षणाला थांबावे लागत नाही आणि दुर्बिणीला वेगळी आज्ञाही द्यावी लागत नाही. ऑस्ट्रेलियातील मर्चिसन वाइडफील्ड ॲरे, जिचे अंकीय रिसीव्हर उभारण्यात बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचा वाटा आहे, तिच्या नव्या सहसंबंधकातही हीच कल्पना वापरली आहे.

कल्पना जुनी आहे. स्टॅनफर्डमधील स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये ती जवळपास आजच्या स्वरूपात मांडली. २२४ पासून २३९ पर्यंतच्या अंकाने सुरू होणारे पत्ते हे कोणा एका यंत्राचे पत्ते नसून गटाचे असतात, हा करार तेव्हापासून चालत आला आहे. तो इंटरनेटच्या पातळीवरचा करार आहे. ईथरनेटच्या स्विचला इंटरनेटचे पत्ते वाचायची सवयच नसते. तो पाकिटाच्या बाहेरचा मॅक पत्ता पाहतो आणि पुढे ढकलतो. गटाचा मॅक पत्ता हा कोणाचाच प्रेषक पत्ता नसल्यामुळे स्विचला तो कधी 'शिकता' येत नाही. आणि शिकला नाही, तर तो एकच गोष्ट जाणतो: सगळ्या पोर्टांवर सोडून देणे. म्हणजे मल्टिकास्ट या नावाखाली प्रत्यक्षात सर्वांना पूर.

यावर तोडगा निघाला तो काहीसा आडमार्गाने. संगणक आपल्या राउटरला आयजीएमपी या शिष्टाचाराने कळवत असतो की मला अमुक गट हवा. स्विचने ते संभाषण चोरून ऐकावे आणि कोणत्या पोर्टावर कोणाला काय हवे याची नोंद ठेवावी, असे ठरले. याला स्नूपिंग हेच नाव आहे. पाकिटाच्या आत डोकावू नये हा स्विचचा धर्म. तो इथे सोयीसाठी मोडला जातो. २००६ च्या आरएफसी ४५४१ मध्ये या डोकावण्याचे नियम एकत्र केले गेले, तेही बंधनकारक मानक म्हणून नव्हे, केवळ मार्गदर्शन म्हणून. निरनिराळ्या कंपन्यांचे स्विच या बाबतीत निरनिराळे वागतात याचे मला त्यामुळे फारसे नवल वाटत नाही.

मला हे पंगतीच्या उदाहरणाने सर्वांत चांगले कळते. यजमान थोड्या थोड्या वेळाने पंगतीत फिरून विचारतो, "भात कोणाला हवा? वरण कोणाला?" एखाद्या ओळीतून कोणी होकार दिला की वाढप्याला त्या ओळीत जायचे हे समजते. ओळीतल्या एकाने सांगितले तर इतरांनी पुन्हा ओरडायची गरज नसते; आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत हा संकोच अगदी नियम म्हणून घातलेला आहे. वाढपी म्हणजे स्विच. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की वाढपी स्वतः काहीच विचारत नाही, तो फक्त ऐकतो. विचारण्याचे काम यजमानाचे. त्याला आमच्या भाषेत क्वेरिअर म्हणतात आणि सामान्यतः ते काम राउटर करतो. यजमान उठून गेला तर कोणी विचारणार नाही, कोणी विचारले नाही म्हणून कोणी उत्तर देणार नाही, आणि काही वेळाने वाढपी प्रामाणिकपणे समजेल की सगळ्यांची पोटे भरली.

दक्षिणेतील ज्या प्रयोगशाळेत मी काम करीत होतो, तिथे नेमके हेच घडले. गच्चीवर चार लहान तबकड्या, त्यांच्यामागे नमुने घेणारे चार बोर्ड, प्रत्येक बोर्डातून एका ध्रुवीकरणाचा सेकंदाला ६.४ गिगाबिटांचा प्रवाह, आणि तळमजल्यावर तो घेणारे संगणक. उद्देश मर्यादित होता: सूर्याच्या रेडिओ स्फोटांचे सलग निरीक्षण. ओडिशाहून आलेली एक विद्यार्थिनी त्यावर प्रबंध लिहीत होती. जानेवारीत आदित्य-एल१ आपल्या नियोजित कक्षेत पोहोचले होते. अवकाशातून आणि जमिनीवरून एकाच स्फोटाच्या नोंदी मिळाल्या तर त्या ताडून पाहाव्यात, हा तिच्या प्रबंधाचा गाभा होता.

एप्रिलच्या अखेरीस संस्थेच्या संगणक विभागाने सुरक्षेच्या कारणास्तव आमचे सर्व स्विच एका स्वतंत्र, बंदिस्त व्हीलॅनमध्ये हलवले. निर्णय समंजस होता. प्रयोगाच्या जाळ्याचा बाहेरच्या जगाशी संबंध नसावा हे कोणीही मान्य करील. दुसऱ्या दिवसापासून मात्र विद्यार्थिनीच्या फाइली मध्येच तुटू लागल्या. प्रोग्राम सुरू केला की विदा उत्तम येई, आणि मग काहीही चूक न दाखवता शांतपणे थांबे. पुन्हा सुरू केला की पुन्हा येई. मेमरी भरते का, ग्राफिक्स कार्ड तापते का, बोर्डातील घड्याळ सरकते का, हे सारे तिने तपासले. त्यातच मे महिना लागला आणि सूर्यावर १३६६४ क्रमांकाचा सक्रिय प्रदेश आकार घेऊ लागला. असा प्रदेश प्रबंधाच्या काळात एकदा लाभला तरी विद्यार्थ्याने स्वतःला भाग्यवान समजावे. तो आमच्या तबकड्यांसमोर होता आणि आमच्या फाइली तुटत होत्या.

प्रश्न सुटला तो आमच्या तांत्रिक विभागातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांमुळे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. शिक्षण पदविकेपर्यंतचे, अनुभव पंचवीस वर्षांचा, आणि नेमणूक कंत्राटी. त्यांनी विद्यार्थिनीकडून फाइलींची यादी मागवली आणि आशयाकडे न पाहता फक्त लांबी पाहिली.

"सर, या सगळ्या फाइली एकाच मापाच्या आहेत," ते म्हणाले.

"किती, अण्णा?"

"चार मिनिटे वीस सेकंद. एखादा सेकंद इकडे किंवा तिकडे. यंत्र बिघडते तेव्हा घड्याळ पाहून बिघडत नाही. इथे कोणीतरी घड्याळ पाहते आहे."

भौतिकशास्त्रज्ञ म्हणून हे वाक्य मला फार आवडले. यादृच्छिक बिघाड आणि कालबद्ध बिघाड यांतला फरक आम्ही विद्यार्थ्यांना वितरणांच्या आलेखांवरून शिकवतो. अण्णांनी तो फाइलींच्या आकारावरून दाखवला. चार मिनिटे वीस सेकंद म्हणजे २६० सेकंद. आयजीएमपीच्या मूळ मूल्यांनुसार क्वेरिअर दर १२५ सेकंदांनी विचारणा करतो, उत्तरासाठी १० सेकंद देतो, आणि एखादी विचारणा वाटेत हरवली तरी चालावे म्हणून सदस्यत्वाची मुदत दोन फेऱ्यांची धरली जाते. १२५ दुणे २५०, अधिक १०. स्विच त्या मुदतीपर्यंत वाट पाहतो आणि नोंद पुसतो.

बाकीचे कोडे त्याबरोबर उलगडले. प्रोग्राम सुरू होताना संगणक कोणी न विचारता स्वतःहून सदस्यत्वाची घोषणा करतो. ती ऐकून स्विच नोंद करी, म्हणून विदा येई. पुढे कोणीच विचारीत नसे, कारण पूर्वी विचारणारा राउटर व्हीलॅनच्या भिंतीपलीकडे राहिला होता. पंगत दुसऱ्या वाड्यात हलवली होती आणि यजमानाला कोणी बोलावलेच नव्हते.

उपाय एवढाच होता की आमच्याच एका स्विचला क्वेरिअरचे काम द्यावे. त्याला त्या व्हीलॅनमध्ये एक आयपी पत्ता द्यायचा आणि एक ओळ लिहून विचारणा चालू करायची. दोन क्वेरिअर असले तर कमी अंकाचा पत्ता असलेला निवडून येतो आणि दुसरा गप्प बसतो. म्हणून अण्णांनी दुसऱ्या स्विचलाही ते काम देऊन ठेवावे असे सुचवले, पहिला बंद पडला तर दुसरा बोलू लागेल. ही एक ओळ लिहायला आम्हाला चार दिवस लागले. स्विचचा पासवर्ड संगणक विभागाकडे होता आणि प्रयोगशाळांनी मल्टिकास्ट वापरू नये असे त्यांचे सर्वसाधारण धोरण होते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत शेजारचे यंत्र शोधण्याची मूलभूत क्रियाच मल्टिकास्टवर चालते, तेव्हा ते 'बंद' करणे म्हणजे काय, हा प्रश्न मी लेखी विचारला. उत्तर आले नाही.

त्या चार दिवसांत संगणक विभागातील एकाने तडजोड म्हणून स्नूपिंगच बंद करून पाहिले. तर्क उघड आहे: नोंदच ठेवली नाही तर ती पुसली जाणार नाही. पण आता चारही तबकड्यांचा मिळून २५.६ गिगाबिटांचा लोंढा प्रत्येक पोर्टाकडे निघाला. त्या पोर्टांवर केवळ १० गिगाबिटांचे संगणक नव्हते. एका गिगाबिटाच्या तारेवर हवामान यंत्र होते, यूपीएसची देखरेख होती, आणि तबकड्या फिरवणारा नियंत्रक होता. नियंत्रकाने बोलणे थांबवले आणि चारही तबकड्या आकाशात होत्या त्या दिशेला थिजून राहिल्या. सूर्य पुढे सरकला. अवघ्या काही मिनिटांत स्नूपिंग पुन्हा चालू करण्यात आले. एका आठवड्यात आम्ही दुष्काळ आणि महापूर दोन्ही पाहिले, आणि दोन्हींचे कारण एकाच पेटीतील एकच खूण होती.

९ मे रोजी संध्याकाळी परवानगी आली. अण्णांनी ओळ लिहिली, आम्ही तिघे पडद्यासमोर बसून राहिलो आणि २६० वा सेकंद ओलांडून आकडे पुढे पळाले. ११ मे रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी त्या प्रदेशातून एक्स ५.८ श्रेणीचा भडका उसळला. सूर्य नुकताच वर आला होता. ती सकाळ विद्यार्थिनीकडे अखंड आहे. त्याच सुमारास लडाखमधील हानले येथून दिसलेल्या तांबड्या ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे देशभर फिरली. ती पाहताना मला मात्र आमच्या पडद्यावरचा न तुटलेला आकडा आठवत होता.

पुढे एक दुसरे प्रकरण उद्भवले, ते थोडक्यात सांगतो, कारण ते अनेकांना छळते. काही महिन्यांनी दुसरे ध्रुवीकरण जोडले तेव्हा दोन्ही प्रवाह घेणाऱ्या दोन वेगळ्या संगणकांवर पॅकेटे गळू लागली. बोर्ड पुरवणाऱ्याने पहिल्या ध्रुवीकरणाला २३९.१.२.३ आणि दुसऱ्याला २३९.१२९.२.३ असे पत्ते आधीच घालून दिले होते. माणसाच्या डोळ्यांना ते पुरेसे वेगळे दिसतात. परंतु गटाच्या पत्त्यातील २८ बिटांपैकी केवळ २३ बिट मॅक पत्त्यात उतरतात. उरलेले पाच गळतात आणि म्हणून ३२ वेगवेगळे गट एकाच मॅक पत्त्यावर येऊन आदळतात. १ आणि १२९ यांतला फरक नेमका गळालेल्या बिटात आहे. आमचा स्विच मॅक पत्ता पाहूनच नोंद ठेवणारा असल्यामुळे दोन्ही संगणकांना दोन्ही प्रवाह मिळू लागले: १० गिगाबिटांच्या तारेत १२.८. डीअरिंग यांना सोळा पत्तासंच हवे होते, पैशाअभावी एक विकत घेतला गेला आणि त्यातलाही अर्धाच त्यांना मिळाला, अशी कथा जाणकार सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, पाच बिटांची ती काटकसर आजही वसूल होत असते. आम्ही १२९ च्या जागी २ लिहिले.

मल्टिकास्ट ही केवळ दुर्बिणीवाल्यांची बाब आहे असे कोणाला वाटत असेल, तर शेअर बाजाराकडे पाहावे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या व्यवहारांचा क्षणाक्षणाचा विदा पूर्वी प्रत्येक सदस्याला वेगळ्या टीसीपी जोडणीने, एकामागून एक पाठवला जात असे. रांगेत आधी असलेल्याला तो आधी मिळतो, हा मुद्दा पुढे को-लोकेशन प्रकरणात गाजला आणि सेबीच्या २०१९ च्या आदेशात त्याची चर्चा आहे. अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये त्या आदेशातील मोठ्या रकमेच्या वसुलीचा भाग रद्द केला; त्या कायदेशीर बाजूत मी शिरत नाही. तंत्राच्या बाजूने लक्षणीय हे, की दरम्यान बाजार मल्टिकास्टकडे वळला. एकच पॅकेट, प्रत काढणारा स्विच, आणि कोणासाठी आधी-नंतर अशी रांग पाठवणाऱ्याकडे नाहीच. तार वाचवणे हा मल्टिकास्टचा उपयोग पुस्तकांत पहिला सांगतात. मला समकालिकता हा त्याहून मोलाचा वाटतो.

आता १,२५० कोटींकडे परत येतो. स्क्वेअर किलोमीटर ॲरेच्या नियंत्रण आणि देखरेख यंत्रणेची धुरा भारतीय गटाकडे आहे, पुण्याच्या एनसीआरएच्या नेतृत्वाखाली, आणि तिचा अभिमान वाटावा अशी ती आहे. परंतु आपल्याकडे विद्यार्थ्यांना फुरिए रूपांतर शिकवणारे अभ्यासक्रम मुबलक आहेत. त्या रूपांतराचा कच्चा माल ज्या तारेने येतो तिच्याविषयी भौतिकशास्त्राच्या पदवीत एक तासही नसतो. ज्यांना ते ठाऊक असते, त्यांचे नाव शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशातही क्वचित येते. विद्यार्थिनीच्या पहिल्या निबंधाच्या मसुद्यात अण्णांचे नाव लेखकांमध्ये आहे. यावर एका ज्येष्ठ सहलेखकांनी शंका घेतली, की त्यांचे वैज्ञानिक योगदान कोणते. तिने उत्तरादाखल फाइलींच्या लांबीचा आलेख पाठवला: २६० वर उभा एकच स्तंभ आणि ९ मे नंतर तो नाहीसा. नाव राहिले. अण्णांचे कंत्राट मात्र दर मार्चला संपते आणि दर एप्रिलला ते पुन्हा मिळेल की नाही याची कोणालाच खात्री नसते.

ज्यांच्या प्रयोगशाळेत असा प्रवाह वाहतो, त्यांच्यासाठी अण्णांनी रॅकच्या दारावर आतून चिकटवलेला कागद इथे उतरवून देतो. मूळ इंग्रजी-कन्नड मिश्र आहे, मराठी माझे.

"नवीन स्विच लावला, व्हीलॅन बदलला किंवा राउटर हलवला, की कोणत्याही संगणकावर आयजीएमपीची पॅकेटे पाहत सव्वादोन मिनिटे बसा. विचारणा दिसली पाहिजे. दिसली तर ती कोणाकडून आली तो पत्ता वहीत लिहा. दिसली नाही तर प्रयोग सुरू करू नका, मला फोन करा. रात्री केला तरी चालेल."